मोरातल्या चौदा रिंगा

नाही, बद्रीनाथ साहेब, तिथं तुमचं थोडं चुकलं. आत्ता माझी ओळख करून देताना तुम्ही म्हणालात की कडुबाकाकांनी आपल्या निरोपाच्या भाषणासाठी स्वतःहून माझं नाव दिलं, कारण त्यांचा माझ्यावर फार जीव आहे. नाव त्यांनीच दिलं, हे खरं. कारण वेगळं आहे. ते सांगायलाच मी उभा राहिलोय, पण आधी रीतसर सुरुवात करतो, नाहीतर म्हणाल, इंग्लिश मीडियमचं पोरगं, ह्याला सभेत बोलायची पद्धतसुद्धा माहीत नाही.

तर, आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, आपल्या कारखान्याचे वर्क्स मॅनेजर माननीय मल्हारराव साहेब. सूत्रसंचालन करणारे आपले पर्सोनेल ऑफिसर बद्रीनाथ साहेब. व्यासपीठावर फेटा सांभाळत बसलेले आजचे सत्कारमूर्ती, भंगार यार्डाचे कडुबा मगरे, म्हणजे आपल्या सगळ्यांचे कडुबाकाका. त्यांच्या शेजारी बसलेल्या मुक्तामावशी. तिन्ही शिफ्टचे कामगार बंधू, घरून आलेल्या आयाबहिणी, पुढं सतरंजीवर बसलेली मुलं, आणि तिकडं कॅन्टीनच्या दारात उभा असलेला सांडू दाभाडे. सगळ्यांना माझा नमस्कार आणि जयभीम. सांडू, तू आत ये ना. डिसेंबरपर्यंत तू इथंच तर जेवत होतास. बरं, राहू दे. तिथून ऐकू येतंय ना?

घरून आलेल्या मंडळींना माहीत नसेल म्हणून सांगतो. सांडू आपल्या रिंग सेक्शनला टेम्पररी ऑपरेटर होता. डिसेंबरात तो पर्मनंट व्हायचा होता. त्याऐवजी त्याला घरी बसवलं. त्याची जागा अजून रिकामी आहे, आणि ती कोणाला द्यायची हे मल्हारराव साहेब उद्या, एक तारखेला ठरवणार आहेत. निरोपाच्या भाषणात हे कशाला, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. मी चार पानांचं भाषण लिहिलं होतं, त्यात 'कर्तव्यनिष्ठ' हा शब्द तीन वेळा आला होता. ते खिशातच ठेवलंय. कडुबाकाकांबद्दल खरं बोलायचं तर सांडूला वगळून बोलता येत नाही.

आता खरं म्हणजे काय? कडुबाकाकांबद्दल मला जे वाटत आलंय त्याला मराठीत हेवा म्हणतात. साधा, रोजचा, जेवताना घशात अडकणारा हेवा. आदर नंतर आला, आणि तोही मोठ्या मुश्किलीनं.

मी गेल्या फेब्रुवारीत इथं ट्रेनी म्हणून लागलो. मला लहानपणापासून एकच नाद, फेकलेल्या वस्तूंचं काहीतरी गमतीचं करायचं. शाळेत त्यासाठी माझं नाव होतं. टूथपेस्टच्या ट्यूबचा हत्ती, बल्बचा भटजी, असली कामं. आमच्या प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये माझा हत्ती चार वर्षं उभा होता. त्यामुळे चिकलठाण्याच्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा मित्रांना पगाराचा आनंद झाला आणि मला भंगाराचा. पहिल्याच दिवशी मी मशीन बघितल्या, न बघितल्या, आणि विचारलं की यार्ड कुठे आहे.

यार्डात गेलो तर माझ्या आधीच कोणीतरी तिथं पोचलेलं होतं. पंधरा वर्षं आधी.

पत्र्याच्या भिंतीला लागून एक बाई बस पकडत होती. तेल ओतायच्या नरसाळ्याचा घागरा, चहाच्या गाळणीचं तोंड, हातात तुटक्या बिजागरीची पिशवी. एक पाय जमिनीवर, दुसरा कायमचा हवेत. कुठूनही बघा, बस तिला न घेता जाणार हे दिसत होतं. तिच्या पुढं पाच मोडके नळ हंडे घेऊन रांगेत उभे. नळच पाण्याची वाट बघतायत, आणि पाचवा हळूच वाकून चौथ्याच्या पुढं घुसतोय. त्याच्या वाकण्यात इतका साळसूदपणा होता की मला वाटलं हा आमच्या गल्लीत राहतो. मग स्टोव्हच्या टाकीचा पाहुणा. त्याचा पंप मारला की तो मान हलवून नको नको म्हणतो, आणि त्याच वेळी कप पुढं करतो.

मी हसलो. मोठ्यानं हसलो. आणि हसता हसता मध्येच छातीत काहीतरी टोचलं. तेव्हा मला वाटलं कॅन्टीनचा वडा असेल. (कॅन्टीनवाल्यांनी मनावर घेऊ नये.) वड्याचा काही दोष नव्हता. पंधरा वर्षं हा माणूस छिन्नी-हातोडीसारख्या चार हत्यारांवर हे करत होता, आणि माझ्याकडे घरी विलायती पक्कडींचा अख्खा सेट होता.

एक गोष्ट मला पहिल्याच दिवशी खटकली. आपल्या कारखान्यात जो पार्ट नापास होतो त्याला लाल ऑइलपेंटचा ठिपका लावतात. नवीन माणसालाही पहिल्या तासात हे शिकवतात, लाल दिसला की तो पार्ट मेला. कडुबाकाका तो लाल ठिपका कधी खरवडून काढायचे नाहीत. तो नळाच्या नाकावर यायचा, बाईच्या कपाळावर यायचा, पाहुण्याच्या जिभेवर यायचा. मी विचारलं, काका, रंग काढून स्वच्छ का करत नाही? ते म्हणाले, "नापास हाय ते. त्याला पास कामून म्हणावं?"

मी त्यांना विचारलं की हे सुचतं कसं. म्हणाले, सुचत नाही, बघावं लागतं. किती बघावं लागतं? तर म्हणे नळांना सात महिने बघितलं. मला वाटलं हा माणूस गुपित लपवतोय. मला शिकवा म्हणालो तर म्हणाले, तुम्हाला शिकवून काय करू, तुमचे हात आधीच शिकलेले हायेत. आता हे कौतुक होतं की टोमणा? मी त्यावर आठवडाभर विचार केला, आणि दोन्ही अर्थांनी मला राग आला.

मग मीही कामाला लागलो. ग्राफ पेपरवर डिझाइन काढलं. तीन आठवडे खपून सायकलच्या चेनचा वॉचमन केला. झोपलेला वॉचमन, पण डोळे उघडे. नेऊन ठेवला बसवाल्या बाईच्या शेजारी. जेवणाच्या सुट्टीत माणसं आली, वाकून वाकून बघितलं आणि म्हणाली, फिनिशिंग लई भारी हाय साहेब. फिनिशिंग. हसलं कोणीच नाही. मग मी शेजारी उभा राहून समजावून सांगायला लागलो की हा झोपलाय, पण डोळे उघडे आहेत, म्हणजे साहेब आले तरी कळणार नाही, वगैरे. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या विनोदाला त्यांनी मान दिला. विनोदाला मान मिळणं म्हणजे काय, हे ज्याला मिळालाय त्यालाच कळेल.

आणि मग दसऱ्यानंतर एक दिवस यार्डात नवीन बाहुलं उभं राहिलं. फुटक्या थर्मासचं धड, गळ्यात पट्ट्याच्या तुकड्याचा टाय, खिशात कंगवा. दोन हात म्हणजे मोडका व्हर्नियर कॅलिपर, आणि त्या कॅलिपरनं तो स्वतःचंच डोकं मोजत होता. भंगाराच्या ट्रकचा ड्रायव्हर आला, त्यानं बघितलं आणि हातातला चहा सांडला. "क्या कडुबाचचा, ये तो अपने छोटे साब है." काकांनी मान वर न करता विचारलं, "कामून? नाव लिवलंय का?"

नाव लिहिलेलं नव्हतं. कंगवा पुरेसा होता. मुलांनो, हसा, हसा. तुमचे वडील तेव्हा पोट धरून हसले होते. मीही हसल्यासारखं केलं. घरी जाऊन आरशात बघितलं तर मी खरंच मान थोडी मागं घेऊन उभा राहतो. म्हणजे ह्या माणसानं मला बघितलं होतं. सात महिने नसतील, पण बघितलं होतं. मला मात्र इतके महिने त्यांच्याकडे बघून त्यांची एक भुवईसुद्धा पकडता आली नव्हती.

अजून एक सांगतो, ते सांगायला लाज वाटते. मुक्तामावशी, तुम्ही मला हे विश्वासानं सांगितलंत, सांगू ना? मावशी हो म्हणतायत. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि गावोगाव जे झालं, त्यात ह्यांचं घर गेलं. गावाचं नाव काका सांगत नाहीत, त्यामुळे मीही विचारत नाही. दुसऱ्या दिवशी राख उकरताना काकांना एक तांब्या सापडला, उष्णतेनं एका बाजूला कलंडलेला, तोंड वाकडं झालेला. त्यांची मुलगी तेव्हा चार वर्षांची, घर जळाल्यापासून ती बोलली नव्हती. काकांनी त्या तांब्याला चुलीच्या जळक्या सळयांचे पाय लावले आणि तिच्या पुढ्यात ठेवला. तांब्या वाकड्या तोंडानं तिच्याकडे बघून हसत होता, आणि पोरगी हसली. मग ही माणसं तो तांब्या घेऊन शहरात आली. मावशी हे सांगत होत्या, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि माझ्या मनात काय आलं असेल? माझ्या मनात आलं की ह्यांच्याकडे अशी सुरुवात आहे आणि माझ्याकडे टूथपेस्टची ट्यूब. कोणाच्या जळालेल्या घराचाही मी हेवा केला. मत्सर माणसाला कुठपर्यंत नेतो हे मला त्या दिवशी समजायला हवं होतं. समजलं नाही, म्हणून पुढचं झालं.

बद्रीनाथ साहेब, चिठ्ठी पाठवू नका, वेळ झालीय हे मला दिसतंय. अजून थोडंच राहिलंय आणि तेच महत्त्वाचं आहे.

नोव्हेंबर हा आपला गुणवत्ता महिना. त्यात यंदा 'टाकाऊतून टिकाऊ' अशी स्पर्धा ठेवली होती. मी ठरवलं, ह्या वेळी असं काही करायचं की यार्डाकडे कोणी फिरकणार नाही. मोर करायचा. चार फूट पिसारा, आणि पिसाऱ्याच्या प्रत्येक डोळ्याला एक चकचकीत पोलादी रिंग. चाळीस रिंगा पाहिजे होत्या. यार्डात नापास रिंगांचा ढीग होता, पण कुठं ओरखडा, कुठं टवका, कुठं भोक वाकडं. निवडून निवडून सव्वीस निघाल्या. चौदा कमी पडल्या.

त्या वेळी माझी ड्युटी रिंग सेक्शनच्या तपासणीच्या टेबलावर होती. म्हणजे पास-नापास माझ्या हातात, आणि लाल रंगाचा ब्रशही माझ्याच हातात.

कळलं ना, मी काय केलं ते?

तीन दिवस. पहिल्या दिवशी पाच, दुसऱ्या दिवशी चार, तिसऱ्या दिवशी पाच. चांगल्या, पास झालेल्या रिंगांना मी लाल ठिपका लावला आणि भंगाराच्या पेटीत टाकल्या, म्हणजे उद्या यार्डातून रीतसर मागून घेता येतील. आणि त्या चौदाच्या चौदा सांडूच्या ट्रेमधल्या होत्या.

सांडूच्याच का? ह्याला दोन कारणं आहेत आणि मी दोन्ही सांगणार. पहिलं, त्याच्या हातच्या रिंगा सेक्शनमध्ये सगळ्यात एकसारख्या असायच्या. माझ्या मोराला तशाच हव्या होत्या. दुसरं कारण असं की महिन्याच्या सुरुवातीला सांडू दोन दिवस रजा घेऊन नामांतराच्या मोर्चाला गेला होता. तेव्हापासून चहाच्या टपरीवर एक वाक्य फिरत होतं, ह्याचं लक्ष मोर्च्यात, मशीनवर नाही. मी ते ऐकलं होतं. त्याच्या ट्रेमध्ये नापास माल निघाला तर कोणी दुसऱ्यांदा विचारणार नाही, हे मला माहीत होतं. ब्रश उचलताना मला हे माहीत होतं.

चौथ्या दिवशी मी यार्डात गेलो. काकांनी त्या चौदा रिंगा वेगळ्या काढून एका पोत्यावर मांडून ठेवल्या होत्या. म्हणाले, "हे भंगार नाय, सायेब."

मी म्हणालो, लाल रंग दिसत नाही का? आणि तुमच्याकडे मोजायला आहे काय?

आता त्यांच्याकडे काय होतं ते सांगतो. रिंगेचं भोक तपासायला आपण एक पोलादी दांडा वापरतो, त्याला गेज म्हणतात. त्याचं एक टोक भोकात गेलंच पाहिजे आणि दुसरं टोक गेलंच नाही पाहिजे. दोन्ही जमलं तर पार्ट पास. असा एक जुना, घासलेला, लाल ठिपका लागून फेकलेला गेज काकांनी एका बाहुल्याला कान म्हणून आडवा लावला होता. तेलाच्या डब्याचं तोंड, तारेच्या ब्रशच्या मिशा, आणि दोन्हीकडं हे दोन कान. बाहुल्याचं नाव दोन कानांचे साहेब. का, तर म्हणे ह्यांच्या एका कानात तक्रार जाते आणि दुसऱ्या कानात जात नाही. मल्हारराव साहेब, हे तुमच्याबद्दल नाही असं काका म्हणतात.

काकांनी त्या साहेबांना पोत्याजवळ आणून बसवलं, आणि एकेक रिंग उचलून डाव्या कानात घातली. गेली. काढून उजव्या कानाला लावली. गेली नाही. चौदा वेळा. मी उभा राहून बघत होतो. एका भंगाराच्या बाहुल्याकडून माझी तपासणी चालली होती आणि मी तिथं नापास होत होतो.

मी म्हणालो, तो गेज घासलेला आहे, तो कसा धरायचा?

"घासलेला हाय, म्हणून तर म्हणतो. नव्यानं मोजा. रंग तुमी लावला, तुमीच काढा."

आपला नियम असा आहे की ज्यानं लाल लावला त्याच्याच सहीनं तो उतरतो. दुसरा कोणी, मग तो मॅनेजर का असेना, तो पार्ट पुन्हा लाइनवर आणू शकत नाही. नियम चांगला आहे, चोरी होऊ नये म्हणून केलाय. काका सेक्शनलाही जाऊन आले होते, हे मला नंतर कळलं. तिथं त्यांना हाच नियम ऐकवला आणि वर विचारलं की यार्डाचा माणूस इन्स्पेक्शन कधीपासून करायला लागला.

मी त्या रिंगा उचलल्या आणि घेऊन गेलो. नवे गेज जिथं असतात त्या स्टँडर्ड रूमला नेल्या नाहीत. मोराला लावल्या. वरून निळा-हिरवा रंग दिला, म्हणजे लाल दिसायला नको.

मोराला पहिलं बक्षीस मिळालं, तुम्ही टाळ्या वाजवल्या, फोटो निघाला. काकांच्या नळांना उत्तेजनार्थ. आणि गंमत सांगतो, प्रदर्शनाच्या दिवशी सगळी पोरं नळांपुढं. घुसणाऱ्या नळाला एकानं तर दटावलं, ओ काका, रांगेत या. माझ्या मोरापुढं मी आणि सिक्युरिटीचा माणूस. बक्षीस माझ्या हातात होतं आणि तरीही माझा जळफळाट चालूच होता. काका माझ्याजवळ आले, मोराकडे खूप वेळ बघितलं आणि म्हणाले, "देखणा हाय. पण ह्येला बघून कुणी हसंना, कारण हा सोताच घाबरलाय." मग ते गेले.

पंधरा डिसेंबरला सांडूच्या कार्डावर शेरा आला. सलग तीन शिफ्ट मर्यादेपेक्षा जास्त नापास, कामात लक्ष नाही. बारा महिने रांग न मोडता उभा राहिलेला माणूस रांगेतून बाहेर. मी तो शेरा वाचला. माझ्या खिशात पेन होतं.

माणूस स्वतःला काय काय समजावतो, बघा. मी म्हणालो, चौदा रिंगांनी कोणाची नोकरी जात नसते, आधीचंही काही असेल. मी म्हणालो, माझंही ट्रेनिंगचं वर्ष फेब्रुवारीत संपतंय, कन्फर्मेशनचं पत्र हातात आलं की मग बोलू. मी यार्डात जाणं बंद केलं.

मग जानेवारी आला. संक्रांतीला विद्यापीठाच्या नामविस्ताराची बातमी आली. दुसऱ्या दिवशी शहरात बंदोबस्त होता, कंपनीची बस अर्धी रिकामी. सेक्शनमध्ये काही जण तिळगूळ वाटत होते, काही जण मान खाली घालून मशीन चालवत होते. आणि काका पेढ्यांचा पुडा घेऊन आले. शर्टाला इस्त्री, दाढी गुळगुळीत. सगळ्यांना देत देत माझ्या टेबलापर्यंत आले. माझ्या हातावर पेढा ठेवला आणि तिथंच उभे राहिले.

"एका नावाला सोळा वर्सं लागली, सायेब. सांडूच्या नावाला तुमी किती लावता?"

मी म्हणालो, काका, माझी नोकरी जाईल.

"जाईल की राहील, मला काय ठावं नाय. त्याची गेलीय, एवढं ठावं हाय." मग म्हणाले, "एकतीसला माझा निरोप हाय. बद्रीनाथ सायेब विचारत व्हते, भाषण कुणाचं ठेवायचं. म्या तुमचं नाव सांगून आलो."

बद्रीनाथ साहेब, हे कारण. त्यांनी ठरवलं असतं तर ते युनियनला सांगू शकले असते, तुमच्या केबिनसमोर बसू शकले असते. कोणी ऐकलं असतं की नाही तो भाग वेगळा. त्यांनी आपल्या सत्काराचा दिवस मला देऊन टाकला. पंधरा वर्षांत ह्या माणसाला एकदाच हार घालायचा होता, आणि त्या दिवशीसुद्धा लोकांनी त्यांच्याबद्दल कमी आणि माझ्याबद्दल जास्त ऐकावं, हे त्यांनी चालवून घेतलं. मला ह्याचाही हेवा वाटतो. आत्ता, इथं बोलताना वाटतोय. माझा दिवस असता तर मी तो कोणाला दिला नसता.

आज दुपारी मी रिसेप्शनच्या काचेच्या कपाटातून मोर बाहेर काढला. सिक्युरिटीला वाटलं मी पुसायला नेतोय. चौदा रिंगा उतरवल्या, रॉकेलनं रंग धुतला. खालचा लाल निघायला फार वेळ लागला. स्टँडर्ड रूममध्ये नव्या गेजवर मोजल्या. चौदाच्या चौदा पास. नापास नोंद रद्द करायचा फॉर्म असतो, त्यात शेवटी कारणाचा रकाना आहे. लोक तिथं 'नजरचूक' लिहितात. मी लिहिलं, तपासणाऱ्यानं मुद्दाम केलं. खाली सही केली, तारीख घातली. रिंगा ह्या रुमालात आहेत आणि हा फॉर्म. मल्हारराव साहेब, मी दोन्ही तुमच्यासमोर ठेवतो. माझ्या पत्राचं उद्या काय करायचं ते तुम्ही ठरवा, त्यावर मला काही म्हणायचं नाही. सांडूच्या कार्डावरचा शेरा मात्र आता खोटा आहे, आणि तो खोटा आहे हे ह्या हॉलमधल्या दीडशे माणसांना माहीत आहे.

काका, तुमच्या कामाबद्दल दोन शब्द चांगले बोलायचे राहून गेले. मी सात महिने बघेन आणि मग बोलेन. यार्डातली सगळी बाहुली मावशींनी घरी न्यायला टेम्पो सांगितलाय असं ऐकलं. कंगवावाल्या साहेबांना पुढं बसवा, त्यांना हवा लागू द्या.

आयोजकांचे आभार, कॅन्टीनचे आभार, इतका वेळ शांत बसलेल्या मुलांचे तर फारच आभार. भाषण संपवताना काही चुकलंमाकलं असेल तर माफ करा, असं म्हणायची रीत आहे. माझं मराठी चुकलं असेल, कोणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, त्यासाठी मी तुमची मनापासून माफी मागतो. पण दुसरी जी चूक आहे ती तुमच्याकडे माफी मागून मिटणारी नाही. तिची माफी ज्याच्याकडे मागायची तो तिथं दारात उभा आहे, दीड महिना तो घरी बसलाय, आणि त्याच्या हातात अजून काहीही पडलेलं नाही. मी आत्ता माईक सोडून सरळ त्याच्याकडे गेलो तर तुमच्यासमोर त्याला मला माफ करावंच लागेल. नाही गेलो तर मी पुन्हा गप्प बसलो असं होईल. मी आता खाली उतरून त्याच्याकडे जाऊ, की त्याच्या नोकरीचं पत्र त्याच्या हातात पडेपर्यंत त्याच्यापुढं जायचा मला हक्कच नाही? तुम्हाला काय वाटतं?